हे उत्तर दिल्यावर बरं कोणाला वाटेल?

'ताई, मी तीन वर्षं सर्जिकल वॉर्डला काम केलंय आणि आता नर्सिंगच्या परवाना परीक्षेची तयारी करतेय. बाकी विषयांत सराव चाचण्यांना चांगले मार्क पडतात, पण मानसोपचार नर्सिंगला घोडं अडतं. निम्मे प्रश्न चुकतात. औषधं पाठ आहेत, व्याख्या पाठ आहेत, तरी चारही ऑप्शन बरोबरच वाटतात. परवाचा प्रश्न असा होता: नैराश्यासाठी दाखल असलेली बाई नर्सला म्हणते, "मी नसले तर घरच्यांचं ओझं तरी हलकं होईल." मी निवडलं, "असं बोलू नका, घरच्यांना तुमची गरज आहे." बरोबर उत्तर होतं, "तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?" मला धक्काच बसला. असं तोंडावर कुणी विचारतं का? तिच्या डोक्यात नसलेला विचार उलट आपणच घालू ना? तुम्ही या विभागात उभं आयुष्य घातलंय म्हणून विचारते, या विषयाची मूलतत्त्वं एकदा नीट सांगा. पाठ करायला यादी दिलीत तरी चालेल.
दोन ऑप्शनमध्ये अडकलेली'

प्रिय मुली,

यादी देत नाही, आणि त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. औषधं पाठ, व्याख्या पाठ, तरी निम्मे प्रश्न चुकतात. म्हणजे कमी पडतंय ते पाठांतर नाही. आणखी एक यादी डोक्यात कोंबलीस तर परीक्षेच्या वेळी त्या चार ऑप्शनच्या जोडीला तीही गोंधळ घालेल.

आधी तुझा प्रश्नच घेऊ. तू निवडलेलं वाक्य मायेचं आहे. त्या बाईची बहीण असतीस तर हेच बोलली असतीस आणि कुणी तुला नावं ठेवली नसती. पण ते वाक्य तिच्या जागी बसून ऐक. कितीतरी दिवस दाबून ठेवलेली गोष्ट तिने अर्धी बाहेर काढली, समोरची काय म्हणते ते बघायला. समोरची म्हणाली, असं बोलू नका. यातून तिला एवढंच कळलं की या सिस्टरपाशी हा विषय काढायचा नाही. उरलेली अर्धी गोष्ट ती गिळून टाकणार. वर घरच्यांना तुमची गरज आहे म्हटल्यावर, आधीच स्वतःला ओझं समजणाऱ्या बाईला आणखी अपराधी वाटणार. मग त्या वाक्याने बरं कोणाला वाटलं? सिस्टरला. ऐकायला जड जात होतं ते थांबलं, आणि आपण धीर दिला असं समाधानही मिळालं.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. मानसोपचार नर्सिंगमधले चुकीचे ऑप्शन बहुतेक वेळा नर्सच्या मनाची घालमेल शांत करणारे असतात. बरोबर ऑप्शनमधली नर्स ती घालमेल सोसते आणि पेशंटपाशी थांबते. चार ऑप्शन समोर आले की स्वतःला विचार: हे उत्तर दिल्यावर बरं कोणाला वाटेल, पेशंटला की मला? चारांतले दोन तरी तिथेच गळतील.

आता तुझी भीती. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. यावर भरपूर अभ्यास झालाय, आणि विचारल्याने धोका वाढतो असं त्यातून निघालेलं नाही. उलट, कुणीतरी न घाबरता विचारलं याचाच पुष्कळांना आधार वाटतो. म्हणून शब्द आडवळणाचे नकोत. 'स्वतःला काही करून घ्यायचा' वगैरे गोलमोल बोललीस तर पेशंटही गोलमोल उत्तर देईल. सरळ विचारायचं, आणि उत्तर 'हो' आलं तर पुढे जायचं: काही ठरवलंय का, कसं करायचं ठरवलंय, त्यासाठी लागणारी वस्तू हाताशी आहे का, कधी, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. योजना जितकी नेमकी आणि साधन जितकं जवळ, तितका धोका मोठा. मग पेशंटला एकटं सोडायचं नाही, सतत नजरेसमोर ठेवायचं, आजूबाजूच्या धोक्याच्या वस्तू काढायच्या, टीमला कळवायचं. 'सिस्टर, हे कुणाला सांगू नका' म्हणाली तर तसं वचन द्यायचं नाही. 'तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे उपचार करणाऱ्या टीमला मला सांगावं लागेल,' हे तिथल्या तिथे, स्पष्ट आणि शांतपणे सांगायचं.

या विषयातला आणखी एक सापळा परीक्षेत हमखास येतो. दोन आठवडे अंथरुणातून न उठलेला पेशंट एके दिवशी शांत, हसतमुख दिसतो, स्वतःच्या वस्तू दुसऱ्यांना वाटून टाकतो. वाचणाऱ्याला हायसं वाटतं आणि 'सुधारणा झाली, नोंद करा' हा ऑप्शन निवडला जातो. हायसं वाटलं की तिथेच थांब आणि पुन्हा वाच. अशी अचानक आलेली शांतता कधीकधी निर्णय पक्का झाल्याची असते. उत्तर असतं ताबडतोब धोक्याची तपासणी. नैराश्याच्या गोळ्यांचंही असंच आहे. एसएसआरआय गटातल्या औषधांचा मनःस्थितीवर परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पण अंगात उभारी त्याआधी येऊ शकते. मन अजून काळोखात आणि हातापायांत मात्र बळ, हा काळ जपायचा. लहान मुलं, किशोरवयीन आणि २४ वर्षांपर्यंतचे तरुण यांच्यात औषध सुरू करताना आणि डोस बदलताना विशेष लक्ष ठेवायला सांगतात. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही दिवसही धोक्याचे असतात, म्हणून डिस्चार्जच्या प्रश्नात पुढच्या भेटीची नक्की तारीख असलेला ऑप्शन नीट बघ.

आता संवाद. हिल्डेगार्ड पेपलाऊ या नर्सने १९५२ मध्ये मांडलं की नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे. वाक्य पाठ करायला सोपं आहे. त्याचा अर्थ मला कळला तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. एक पेशंट होत्या, दाखल होऊन आठवडा झाला तरी कुणाशी बोलत नव्हत्या. रोज जाऊन मी काहीबाही विचारायची, झोप लागली का, जेवलात का. त्या मान हलवायच्या. एका दुपारी माझ्याकडचे प्रश्न संपले. मी म्हटलं, मी दहा मिनिटं इथे बसते, बोलायलाच पाहिजे असं नाही. आणि बसले. त्या चादरीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं, उगाच उशी सारखी करावी, खिडकी उघडावी असं वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार-पाच मिनिटं गेली असतील. मग चादरीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "मला झोपेची भीती वाटते." तिथून सगळं सुरू झालं. मी खिडकी उघडायला उठले असते तर ते वाक्य आलंच नसतं.

म्हणून परीक्षेत 'पेशंटजवळ शांत बसा' हा ऑप्शन दिसला की तो रिकामा समजून ओलांडू नकोस. अबोल झालेल्या, खचलेल्या पेशंटसाठी बरेचदा तेच उत्तर असतं. आणि आपल्याला बोलायची घाई का होते ते ओळख. 'सगळं ठीक होईल' ही घाई. 'मी तुमच्या जागी असते तर' ही घाई. 'डॉक्टर फार चांगले आहेत' हीसुद्धा, कारण पेशंटने तक्रारीत काय म्हटलं ते त्यात बुडून जातं. 'चला, आपण थोडं बाहेर फिरून येऊ' म्हणत विषय बदलणं तर सरळच पळ काढणं. 'का' ने सुरू होणाऱ्या प्रश्नांपासूनही जप. 'तुम्ही औषध का घेतलं नाही?' यात जाब विचारल्याचा सूर येतो आणि माणूस सबब शोधायला लागतो. तेच 'औषध घेताना काय त्रास होतो ते सांगाल का?' म्हटलं की दार उघडं राहतं. पेशंटचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणणं, 'म्हणजे रात्री एकटं पडल्यावर जास्त भीती वाटते, असं म्हणताय का?' असं पडताळून घेणं, दिसलं ते सांगणं, 'बोलताना तुमचे हात थरथरतायत', ही साधी कौशल्यं आहेत. त्यांची इंग्रजी नावं परीक्षेपुरती लक्षात ठेव, पण ऑप्शन ओळखायचा तो त्याच्या कामावरून.

इथे एक सावधगिरी. हे शिकल्यावर मुली प्रत्येक प्रश्नात 'भावनांबद्दल बोलतं करा' हाच ऑप्शन उचलायला लागतात. तोही चुकतो. चिंतेच्या चार पायऱ्या पेपलाऊंनीच सांगितल्या आहेत: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. सौम्य चिंतेत माणूस उलट नीट शिकतो. मध्यममध्ये लक्ष आखडतं, पण मदत केली तर समजतं. तीव्र आणि पॅनिकमध्ये आपलं समजावणं आत पोचतच नाही. छाती धडधडतेय, श्वास लागलाय, 'मी मरतेय' म्हणतेय, अशा बाईला तिच्या भीतीची कारणं विचारून उपयोग नाही. तिच्यापाशी थांबायचं, गोंगाट कमी करायचा, चार-पाच शब्दांची वाक्यं बोलायची: 'मी इथे आहे. माझ्याबरोबर श्वास घ्या.' शिकवणं, कारणं शोधणं नंतर. तसंच मुठी आवळून येरझाऱ्या घालणारा, आवाज चढलेला पेशंट. त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा ऑप्शन मायेचा दिसतो आणि घातक असतो. हाताच्या अंतराबाहेर उभं राहायचं, तुझ्या आणि दाराच्या मध्ये तो येणार नाही अशी जागा धरायची, आवाज खाली ठेवायचा, दोनच सोपे पर्याय द्यायचे, आणि मदत आधीच बोलावून ठेवायची. सुरक्षितता पहिली, संवाद त्याच्या आतला.

भ्रम (न हलणारा खोटा समज) आणि भास (नसलेलं दिसणं, ऐकू येणं) या दोन गोष्टींत तुझा गोंधळ होत असणार, बहुतेकांचा होतो. तिथेही तेच माप लाव. पेशंट म्हणतो, आवाज येतायत. 'असं काही नाहीये' म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, कारण आपलं जग शाबूत राहतं. 'हो, मलाही येतोय' म्हटलं की भांडण टळतं. दोन्ही चूक. त्याला सांगायचं, 'मला ते आवाज ऐकू येत नाहीत, पण तुम्हाला येतायत आणि तुम्ही घाबरलायत हे मला दिसतंय.' आणि त्याआधी किंवा त्यानंतर लगेच एक प्रश्न विचारायचाच: 'ते आवाज तुम्हाला काय सांगतायत?' स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करा असं सांगत असतील तर सगळा प्रश्न सुरक्षिततेचा होतो. भ्रमाच्या बाबतीत पुराव्यानिशी वाद घालायला जाऊ नये, त्याने भ्रम अधिक घट्ट होतो. जेवणात विष आहे म्हणणाऱ्याला 'तुमच्यासमोर मी खाऊन दाखवते' म्हणण्यापेक्षा बंद पाकिटातलं, त्याने स्वतः उघडायचं अन्न दे. विषावर चर्चा नको, 'सारखं असं सावध राहणं फार थकवत असेल' म्हण. खोलीत त्याच्यासमोर दुसऱ्या सिस्टरशी कुजबुजू नकोस.

आता ज्या भागासाठी मला तुझ्याबद्दल खात्री वाटते तो. तुझी सर्जिकलची तीन वर्षं इथे कामाला येणार आहेत. मानसोपचाराचा प्रश्न म्हटला की मुली शरीर विसरतात. अचानक सुरू झालेला गोंधळ हा आधी शरीराचा प्रश्न असतो. तुझ्याच वॉर्डमधला पेशंट आठव: ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले, काल नीट बोलत होता, आज घामाघूम, हात कापतायत, नाडी जलद, भिंतीवर किडे दिसतायत म्हणतो. नातेवाईक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. तुला काय सुचायला हवं? हा दारू पीत होता का, शेवटची कधी घेतली? दारू थांबल्यावर साधारण ६ ते ८ तासांत थरथर सुरू होऊ शकते, झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत, आणि डिलिरियम ट्रेमेन्स हा जिवावर बेतणारा प्रकार २ ते ४ दिवसांत. बेंझोडायझेपिन हे शामक औषध, वारंवार व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, ताप, श्वास), शांत आणि पुरेशा उजेडाची खोली, आणि ग्लुकोज द्यायच्या आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व). डिलिरियम (अचानक आलेला गोंधळ) आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) यांतला फरकही असाच ध्यानात ठेव: डिलिरियम तासा-दिवसांत येतं, सकाळी एक संध्याकाळी दुसरं असं हेलकावतं, आणि लक्ष टिकत नाही. साखर, ऑक्सिजन, लघवीतला संसर्ग, नवीन सुरू केलेलं औषध, आधी हे बघ. डिमेन्शिया महिनोन्‌महिने सरपटत येतं.

लिथियमवर, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर, मी जरा थांबणार आहे. आमच्या वॉर्डला एक वयस्कर गृहस्थ होते, वर्षानुवर्षं लिथियमवर व्यवस्थित. एकदा दाखल झाले तेव्हा पाण्याचा ग्लास तोंडाकडे नेताना अर्धं पाणी टेबलावर सांडत होतं. सगळ्यांनी म्हटलं, घाबरलेत. मीही तेच लिहिलं. संध्याकाळी त्यांच्या मुलीने सहज सांगितलं की तीन दिवस जुलाब होतायत आणि गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन चालू आहे. रक्त पाठवलं, पातळी विषारी टप्प्यात निघाली. ते वाचले, पण 'घाबरलेत' हा माझ्या हस्ताक्षरातला शब्द चार्टवर तसाच होता. तेव्हापासून मी हे असं शिकवते: लिथियम आणि मीठ मूत्रपिंडात एकाच वाटेने जातात. जुलाब, उलट्या, भरपूर घाम, अचानक मीठ बंद करणं, यांनी शरीरातलं सोडियम आणि पाणी घटलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि थायाझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्या पातळी वाढवतात. नेहमीची पातळी लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट, १.५ च्या वर विषबाधा धरायची. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. बोटांचा बारीक कंप पुष्कळांना असतो. कप सांडवणारा मोठा कंप, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं की पुढचा डोस थांबवायचा आणि कळवायचं. पेशंटला सांगायचं ते 'मीठ कमी करा' हे नाही आणि 'जास्त खा' हेही नाही. मीठ आणि पाणी रोज सारखंच ठेवा, हे सांगायचं.

बाकी औषधांतही गफलत एकाच ठिकाणी होते, औषधाचा त्रास आजाराच्या नावावर खपतो. अँटिसायकोटिक (भ्रम-भासांवरचं औषध) सुरू केल्यावर पेशंट बसू शकत नाही, सारखा उठतो, पाय हलवतो. 'अजून अस्वस्थ आहे, डोस वाढवा' असं वाटतं. ते अकॅथिजिया, म्हणजे औषधानेच आलेली अस्वस्थता, असेल तर डोस वाढवून त्रास वाढेल. मान एकीकडे वळली, डोळे वर गेले, जीभ ताठरली, ते नाटक नव्हे, अक्यूट डिस्टोनिया, औषधाने स्नायू आखडणं. घसा आवळला तर श्वासाचा प्रश्न. बेन्झट्रोपिन किंवा डायफेनहायड्रामिनचं इंजेक्शन लगेच. वर्षानुवर्षांच्या औषधानंतर ओठ चघळल्यासारखे हलू लागले तर टार्डिव्ह डिस्किनेशिया, तिथे हे इंजेक्शन उपयोगी नाही. ताप, शिशाच्या नळीसारखा ताठरपणा, घाम, रक्तदाब वर-खाली, शुद्ध हरपतेय, हे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, अँटिसायकोटिकचाच जीवघेणा दुष्परिणाम, औषध तिथल्या तिथे बंद. एसएसआरआयसारख्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांनी होणारा सेरोटोनिन सिंड्रोमही तापाचाच, पण तो काही तासांत उसळतो, त्यात प्रतिक्षिप्त क्रिया वाढलेल्या असतात, पायाला झटके बसतात, जुलाब होतात. क्लोझापिन या अँटिसायकोटिकवरच्या पेशंटने नुसतं घसा दुखतोय म्हटलं तरी पांढऱ्या पेशींची तपासणी, कारण ते औषध त्या पेशी घटवू शकतं. नैराश्यावरची एमएओआय गटाची औषधं असतील तर मुरवलेलं, आंबवलेलं, जुनं चीज वर्ज्य, आणि डोकं फुटायला लागलं की पहिला रक्तदाब बघायचा. बाकी तक्ता तुझ्या पुस्तकात आहे, तो तुला पाठच आहे.

उन्मादातल्या (मेनियातल्या) पेशंटबद्दल थोडं. ताटावर बसायला त्याला सवड नसते, म्हणून चालता चालता हातात धरून खाता येईल असं भरपूर उष्मांकाचं खाणं, शांत खोली, गर्दीच्या खेळांऐवजी एकट्याने करायचं काम. मर्यादा घालायच्या त्या थोड्या, स्पष्ट, आणि सगळ्या पाळ्यांत सारख्या. सकाळची सिस्टर सोडते आणि रात्रीची अडवते असं झालं की पेशंट गोंधळतो आणि टीम आपसांत भांडते. एकीला 'तुम्हीच खऱ्या चांगल्या' आणि दुसरीला 'ती दुष्ट' म्हणणारा पेशंट असेल तेव्हाही हेच. तिथे 'तुम्हीच चांगल्या' ऐकून सुखावणं ही घालमेलीइतकीच फसवी गोष्ट आहे.

बांधून ठेवणं हा शेवटचा उपाय. बोलून बघितलं, वातावरण बदललं, औषध देऊ केलं, आणि तरीही इजा होण्याचा धोका समोर आहे, तेव्हाच. स्टाफ कमी आहे म्हणून नाही, शिक्षा म्हणून नाही, आणि 'गरज पडल्यास' अशी आगाऊ ऑर्डर घेऊन तर कधीच नाही. बांधल्यावर श्वास, हातापायांचं रक्ताभिसरण, पाणी, लघवी, सगळं ठरलेल्या वेळी बघायचं आणि लिहायचं, आणि शांत होताच सोडायचं. किती मिनिटांनी बघायचं, ऑर्डर किती तासांची, हे तू जिथली परीक्षा देतेस तिथल्या कायद्यातून काढ. पण बहुतेक ठिकाणी लागू पडणारं सांगते: दाखल झाला म्हणून माणसाचा संमतीचा हक्क आपोआप जात नाही. गोळी नको म्हणाला तर जेवणात चुरून देणं हा ऑप्शन कितीही सोयीचा दिसला तरी चुकीचा.

सीमारेषांबद्दल जास्त लिहीत नाही. फोन नंबर द्यायचा नाही, स्वतःची दुःखं पेशंटला सांगायची नाहीत, आणि नातं संपणार आहे हे पहिल्या भेटीतच सांगायचं. शेवटच्या दिवशी पेशंट चिडला किंवा जुनी लक्षणं परत आली तर तो निरोपाचा त्रास असू शकतो, त्यावर बोलायचं. एखादा पेशंट आपल्याला फारच आवडायला लागला किंवा डोळ्यांसमोर नको झाला तर वरिष्ठांशी बोलायचं. यात कमीपणा नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर आणखी हजार प्रश्न सोडवू नकोस. चुकलेले पन्नास घे. प्रत्येकाखाली एकच ओळ लिही: मी निवडलेल्या उत्तराने माझी कोणती घालमेल शांत झाली? भीती, घाई, दया, राग, भांडण टाळायची इच्छा. दहा-पंधरा प्रश्नांनंतर एकच शब्द पुन्हा पुन्हा येताना दिसेल. पत्रावरून मला वाटतं, तुझा शब्द 'दया' असेल. तो कळला की परीक्षेत हात त्या ऑप्शनकडे जाताना तुझा तुलाच कळेल.

आणि तो प्रश्न, 'तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?', वाचून सोडवता येणारा नाही. तो तोंडाने म्हणून बघ. आरशासमोर नको, माणसासमोर. सोबत तयारी करणाऱ्या मैत्रिणीला कल्पना देऊन समोर बसव आणि विचार. पहिल्यांदा 'जीव' शब्दापाशी आवाज खाली जाईल, किंवा सगळं वाक्य घाईने उरकशील. पुन्हा म्हण. विचारून झाल्यावर तिच्याकडे बघत गप्प राहा, मनात दहा अंक मोज, मग तिला विचार की ते दहा अंक तिला कसे गेले. आणि सरावाला म्हणून विचारलेल्या त्या प्रश्नाला ती खरंच 'हो' म्हणाली, तर पुस्तक मिटून ठेव, तिच्यापाशी थांब, आणि त्याच दिवशी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.

तुझी
ताई